वेगवान मेटल वाजवताना बेसची खर्जाची तार पुन्हा पुन्हा ढिली पडते : निदान आणि तारांची निवड

बेस गिटारचा सूर खाली उतरवून वेगात मेटल वाजवणाऱ्यांना एक तक्रार वारंवार छळते. एकट्याने सावकाश वाजवताना सगळ्यांत जाड तार भरदार वाटते. मात्र ड्रमरने डबल पेडल सुरू केले आणि एका ठोक्याला चार नोट्स अशी चौपट लय आली की तीच तार फ्रेटवर (बेसच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटू लागते, नोट्स एकमेकींत मिसळतात आणि गिटारच्या रिफखाली (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरखंडाखाली) नुसती घरघर उरते. नव्या तारा चढवल्या की आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच सुरू होते. सिंहगड रोडवरील आमच्या तालमीच्या खोलीत एका वर्षात मी स्वतः चार संच बदलले. दर वेळी कंपनी बदलली, दोनदा धातूही बदलला. जाडी मात्र तीच ठेवली आणि एकदा तर कमी केली, कारण वेगासाठी पातळ तार बरी असे एका दुकानात सांगितले गेले होते आणि मलाही ते पटले होते. त्या चारही संचांत काहीच खोट नव्हती. आम्ही बेस सी या सुरापर्यंत उतरवून वाजवत होतो आणि त्या सुराला पुरेल इतकी त्यांतली एकही तार जाड नव्हती.

हीच चूक इतर अनेकांकडून होताना मी पाहतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. वेगवान वादनासाठी तार निवडताना तिच्यावर प्रत्यक्ष वाजवण्याच्या सुरात किती ताण राहणार आहे, हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो. धातू, चकाकी (आवाजाचा उजळपणा), आवरण आणि कंपनी हे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

आधी निदान

नव्या तारा विकत घेण्यापूर्वी दोष नक्की कुठे आहे हे पाहावे. यासाठी सर्वांत उपयोगी चाचणी फुकट आहे. आहेत त्याच तारा ठेवून बेस ई, ए, डी, जी या नेहमीच्या सुरांत चढवावा, नेक (बेसची मान) स्थिर होण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे द्यावीत आणि तीच रिफ त्याच वेगाने त्या वरच्या सुरांत वाजवावी. खडखड थांबली आणि नोट्स सुट्या ऐकू येऊ लागल्या, तर उतरवलेल्या सुरात ताण अपुरा पडत होता, हे जवळजवळ निश्चित मानावे. खडखड तशीच राहिली, तर तारांची उंची, नेकचा बाक किंवा झिजलेले फ्रेट यांकडे वळावे. अशा वेळी कितीही महाग संच आणला तरी फरक पडणार नाही.

दुसरी चाचणी ट्यूनरवर करावी. जाड तार आधी हळुवार छेडून सुरात लावावी आणि मग प्रत्यक्ष कार्यक्रमात जितक्या जोराने वाजवतो तितक्याच जोराने तिच्यावर आघात करून ट्यूनरचा काटा पहिल्या क्षणी कुठे जातो ते पाहावे. जोराने छेडलेली तार अधिक ताणली जाते आणि क्षणभर वरचा सूर देते, आणि तार जितकी ढिली तितकी ही उडी मोठी असते. सावकाश वादनात काटा पुन्हा खाली येतो, त्यामुळे ती कानाला फारशी खटकत नाही. वेगवान वादनात मात्र तार स्थिरावण्याआधीच पुढचा आघात होतो, म्हणून श्रोत्याला ऐकू येतो तो केवळ हा चढा सूर. माझ्या अनुभवात हा फरक पंधरा सेंटच्या (सेंट म्हणजे लगतच्या दोन सुरांमधील अंतराचा शंभरावा भाग) पलीकडे गेला की दोन गिटारांबरोबर बेस बेसूर वाटू लागतो. तार बदलेपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून ट्यूनिंग नेहमी वाजवण्याच्याच जोराने करावे.

अ‍ॅम्पचाही विचार करायला हवा. तालमीच्या खोल्यांतील लहान कॅबिनेटांतून तीस-पस्तीस हर्ट्झचा मूळ सूर फारसा बाहेर पडत नाही. त्यांच्यातून येणारी घरघर तारेची नसून स्पीकरच्या धडपडीची असू शकते. थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये ध्वनिमुद्रण करून ते हेडफोनवर ऐकले की ही शंका पाच मिनिटांत मिटते.

जाडीचा हिशेब

तारेवरील ताण तिच्या दर एकक लांबीच्या वजनावर, कंपनसंख्येच्या वर्गावर आणि नट ते ब्रिज (तार ज्या दोन टोकांना टेकते ते आधार) या लांबीच्या वर्गावर ठरतो. यातला वर्ग हा शब्द महत्त्वाचा आहे. सूर एक सेमीटोन (लगतच्या दोन फ्रेटमधले अंतर) उतरवला की ताण सुमारे ११ टक्के घटतो, दोन उतरवले की २१ टक्के आणि ई वरून सी पर्यंत चार सेमीटोन उतरवले की तब्बल ३७ टक्के. चौतीस इंची (म्हणजे नट ते ब्रिज ३४ इंच लांबीच्या) बेसवर ई सुरात लावलेल्या १०५ जाडीच्या (इंचाचे १०५ सहस्रांश) तारेवर साधारण १८ किलोचा ताण असतो. सी मध्ये तो ११ किलोच्या आसपास येतो. मी पातळ संच लावला होता तेव्हा तो याहूनही कमी झाला असणार, आणि ज्या तारेला बोट लावताच ती खाली बसते तिच्यावरून बोट वेगाने परतू शकत नाही, हे मला फार उशिरा उमगले. वेग बोटाला परत उसळी देणाऱ्या तारेवर मिळतो.

दुकानात उभ्या उभ्या करता येईल असा एक ठोकळ हिशेब मी वापरतो. तारेची जाडी, म्हणजे पाकिटावर छापलेला इंचाच्या सहस्रांशांतील आकडा, आणि ती ज्या सुरात लावायची त्याची कंपनसंख्या यांचा गुणाकार करावा. ई म्हणजे ४१.२ हर्ट्झ, म्हणून १०५ जाडीच्या तारेचा गुणाकार ४३२६ येतो. सर्वांच्या हाताला सवयीचा असलेला ताण या आकड्याच्या आसपासचा आहे. दुसऱ्या कोणत्याही सुरात हाच गुणाकार साधारण ४१०० ते ४५०० च्या दरम्यान ठेवला, तर तार ओळखीची वाटते. ३९०० च्या खाली गेला की माझ्या हाताला तरी वेगात ती ढिली लागते. सी म्हणजे ३२.७ हर्ट्झ. तिथे १०५ ची तार फक्त ३४३४ पर्यंत पोहोचते आणि १३० ची तार ४२५१ पर्यंत. गुंडाळणीची पद्धत आणि आतील गाभ्याची जाडी कंपनीगणिक बदलत असल्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही. काही कंपन्या आपल्या प्रत्येक तारेचा ताण प्रसिद्ध करतात; तो तक्ता उपलब्ध असेल तर त्यालाच प्रमाण मानावे.

शास्त्रीय संगीताच्या घरात वाढलेल्यांना हे मुळीच नवे वाटणार नाही. काळी चारला लावायच्या तंबोऱ्याच्या तारा पुरुष गायकाच्या काळी एकला तशाच उतरवून कोणी मैफिलीला बसत नाही. त्यासाठी तंबोरा मोठा असतो, तारा जाड असतात आणि खर्जाला तर पोलादाऐवजी पितळेसारख्या जड धातूची तार लावतात. मिरजेच्या कारागिरांकडून तंबोरा घेताना पहिला प्रश्न येतो तो कोणत्या पट्टीत लावणार हाच. बेसच्या तारा घेताना मात्र आपण तो प्रश्न स्वतःलाही विचारत नाही.

वेगाचा या हिशेबाशी किती जवळचा संबंध आहे, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याला चार नोट्स वाजवल्या की सेकंदाला तेरांहून अधिक नोट्स होतात आणि प्रत्येक नोटेच्या वाट्याला ७५ मिलिसेकंद येतात. सी सुराचे एक आवर्तन जवळजवळ ३१ मिलिसेकंदांचे असते. म्हणजे तार जेमतेम अडीच वेळा हेलकावते तोच पुढचा आघात होतो! एवढ्या अवधीत मूळ सूर कानात नीट आकार घेत नाही. नोट ओळखू येते ती आघाताच्या स्पष्टपणामुळे आणि वरच्या स्वरांशांमुळे (मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांमुळे). म्हणून तारेचा आघात आटोपशीर असणे ही पहिली गरज आणि वरचे स्वरांश शाबूत असणे ही दुसरी. ढिली तार पहिल्या गरजेत नापास होते, जुनी मळलेली तार दुसऱ्या. दोन्ही दोष ऐकायला सारखेच वाटत असल्यामुळे आपण नवी तार लावतो, चकाकीमुळे आठवडाभर समाधान मिळते आणि चकाकी ओसरताच मूळचा ढिलेपणा पुन्हा उघडा पडतो. समस्या परत येते असे वाटते ते यामुळे. खरे तर ती कधी गेलेलीच नसते.

प्रत्यक्ष निवड करताना चार तारांच्या बेसवर सी, एफ, ए शार्प, डी शार्प असे लावणाऱ्यांसाठी मला सर्वांत सोयीचा वाटलेला मार्ग म्हणजे पाच तारांचा संच घेऊन त्यातील पातळ जी तार बाजूला ठेवणे आणि उरलेल्या बी, ई, ए, डी या चार तारा अर्धा स्वर (एक सेमीटोन) चढवून लावणे. १३०, १००, ८० आणि ६५ जाडीच्या तारांचा गुणाकार अनुक्रमे ४२५१, ४३६५, ४६६२ आणि ५०५६ येतो. शेवटची तार जरा कडक लागते. ६० ची सुटी तार मिळाली तर तो ४६६७ वर उतरतो आणि चारही तारा हाताला एकसारख्या वाटू लागतात. ड्रॉप सी मध्ये, म्हणजे सी, जी, सी, एफ अशा जुळणीत, हाच संच वापरू नये, कारण तिथे वरच्या तीन तारा एकेक स्वर उतरलेल्या असल्या तरी खालची तार दोन स्वर उतरलेली असते. त्यासाठी मी १३०, ८५, ६५, ५० अशी जोडणी सुचवीन. केवळ ड्रॉप डी मध्ये, म्हणजे फक्त खालची ई तार डी पर्यंत उतरवून, वाजवणाऱ्यांना ११५ किंवा १२० ची एक सुटी तार पुरते.

या विषयावर बोलताना आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचे बेसवादक स्टीव्ह हॅरिस यांचे उदाहरण मी नेहमी देतो. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांचा मुंबईत कार्यक्रम झाला तेव्हा पुण्याहून आम्ही बरेच जण गेलो होतो, आणि दोन बोटांनी वाजवलेली ती घोडदौड प्रत्यक्ष ऐकल्यावर तारा पातळ असणार अशीच आमची समजूत होती. त्यांच्या नावाने मिळणारा रोटोसाउंड कंपनीचा संच मात्र ५०, ७५, ९५, ११० असा आहे, तोही फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीची गुळगुळीत गुंडाळणी असलेला). ते ई पासूनच्या नेहमीच्या सुरांत वाजवतात, म्हणजे वरचा गुणाकार त्यांच्या खालच्या तारेला ४५३२ आणि मधल्या दोन तारांना पाच हजारांच्या पुढे येतो. वेग आणि पातळ तार यांचे नाते लोक समजतात तसे नाही, याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

तरीही जाडी वाढवत जाणे हा सरसकट उपाय नव्हे. तार जाड होते तशी ती ताठ होते, तिचे वरचे स्वरांश मूळ सुरापासून किंचित वर सरकतात आणि आवाज बोथट, लाकडी होतो. वेगवान वादनाला जो स्पष्टपणा हवा तोच कमी होतो. यावर दोन मार्ग आहेत. सॅडलपाशी (ब्रिजवरच्या ज्या तुकड्यावर तार टेकते तिथे) निमुळत्या केलेल्या तारा तिथे सहज वाकतात आणि त्यामुळे जाड असूनही मोकळ्या बोलतात. दुसरा मार्ग लांब बेसचा : ३४ ऐवजी ३५ इंची बेसवर त्याच तारेचा ताण त्याच सुरात सुमारे ६ टक्के वाढतो, आणि जाडी वाढवावी लागत नाही. बोटे लवकर दुखू लागली, तर गुणाकार ४१०० कडे झुकवावा. पिकने वाजवणाऱ्यांना ४५०० सुद्धा सुखाचा वाटतो.

धातूच्या बाबतीत माझे मत थोडक्यात सांगतो. या कामासाठी राउंडवाउंड (गोल तारेची गुंडाळणी असलेल्या) तारा घ्याव्यात. स्टेनलेस स्टीलच्या तारांचा आघात तीक्ष्ण असतो आणि घामाने त्या सहज गंजत नाहीत, पण त्या बोटांना खरखरीत लागतात आणि फ्रेट लवकर झिजवतात. निकेलचा मुलामा दिलेल्या तारा जरा सौम्य बोलतात आणि हाताला मऊ लागतात. दोन विकृत आवाजाच्या गिटारांमधून वाट काढायची असेल तर मी स्टेनलेस निवडतो. एकाच गिटारच्या बँडमध्ये निकेल पुरेसे आहे.

बसवताना होणाऱ्या चुका

योग्य जाडीची तार आणूनही तक्रार राहिली, तर ती बहुधा बसवण्यात असते. १०५ च्या खाचेत १३० ची तार नीट बसत नाही. ती नटवर वर तरंगते, पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढा लागतो आणि खुंटी फिरवताना तार अडकून अचानक सुटते. खाच रुंद करावी लागते, आणि एकदा घासलेले परत भरून येत नाही, म्हणून हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. त्याआधी १३० ची तार ब्रिजच्या भोकातून आणि खुंटीच्या छिद्रातून जाते का, हेही तपासावे. तार कापण्यापूर्वी पक्कडीने काटकोनात वाकवून मगच वाकलेल्या भागाच्या पुढे कापावी, कारण सरळ तार कापली तर गुंडाळणी गाभ्यावरून सैल होते आणि तार पहिल्या दिवसापासूनच मुकी बोलते. खुंटीवर दोन-तीन वेढे खालच्या दिशेने घ्यावेत, तारेला पीळ पडू देऊ नये आणि सुरात आल्यावर सॅडलच्या अगदी पुढे तार बोटाने हलकेच दाबावी, म्हणजे तिथला कमानदार बाक निघून जातो. माझ्या दुसऱ्या संचात मी हे केले नव्हते. बाराव्या फ्रेटवरचा सूर कधीच जुळला नाही आणि त्याचा दोष मी तारेला दिला.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती नेक. चार तारा मिळून नेकला सुमारे ८० किलोने ओढत असतात. सूर उतरवला की ही ओढ घटते, ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) नेकला मागे खेचतो आणि पहिल्या पाच फ्रेटवर खडखड सुरू होते. जाड तारा लावल्या की उलट घडते, मधल्या फ्रेटवर तारा उंच जातात आणि बोटांना जास्त अंतर कापावे लागते. म्हणून जाडी किंवा सूर बदलल्यावर बाक मोजलाच पाहिजे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतील फट फीलर गेजने मोजावी. दुचाकीच्या टॅपेट सेटिंगसाठी मेकॅनिक वापरतात तेच पात्यांचे गेज इथे चालते आणि नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत ते सहज मिळते. मी ही फट ०.३ मिलिमीटर ठेवतो. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि पुढचा पाव फेरा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजूनच द्यावा. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २ ते २.५ मिलिमीटर ठेवावी, आणि शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरचे सूर जुळतात की नाही) पाहावे. जाड तारेसाठी सॅडल बरेच मागे सरकवावे लागते. हा क्रम उलटा केला तर सगळे पुन्हा करावे लागते. थोडीशी धातूची किणकिण राहिली तर घाबरू नये. मेटलच्या मिश्रणात ती नोटेला धार देते. तंबोऱ्याच्या जवारीसारखी ती आपल्या ताब्यात असावी, एवढेच पाहावे.

पुण्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारी केलेली जुळणी जुलैत टिकत नाही. लाकूड ओलावा शोषते, नेक हलते, आणि ती कोणत्या बाजूला किती हलेल हे त्या त्या लाकडावर असते. त्यामुळे पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या सुमारास असे वर्षातून दोनदा तरी फट मोजून वहीत लिहून ठेवावी. पावसाळ्यात तालमीहून आल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने, खालच्या बाजूनेही, पुसाव्यात. गुंडाळणीच्या फटींत घाम आणि त्वचेचा मळ साचला की वरचे स्वरांश सर्वांत आधी जातात. तारा पाण्यात उकळण्याची पद्धत काही जण सांगतात. मळ निघतो हे खरे, पण पाणी आत राहिले तर गंज धरतो. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवून पूर्ण वाळवणे त्यापेक्षा सुरक्षित आहे. अर्थात स्पिरिट ज्वलनशील असल्याने झाकणाच्या बरणीत, गॅसपासून दूर ठेवावे. याने महिनाभराचे आयुष्य वाढते, त्याहून जास्त अपेक्षा करू नये.

सध्या माझ्या ३४ इंची बेसवर १३० पासूनचा स्टेनलेस संच सी मध्ये आहे, आणि २०० च्या लयीतील ज्या रिफवर मी वर्षभर अडलो होतो ती आता ध्वनिमुद्रणात नोटेनोट ऐकू येते. ड्रॉप ए मध्ये, म्हणजे सर्वांत जाड तार खालच्या ए पर्यंत, उतरणाऱ्यांची अडचण अधिक अवघड आहे. २७.५ हर्ट्झला ४३०० चा गुणाकार गाठायचा तर १५६ जाडीची तार लागेल, आणि ती मिळाली तरी चौतीस इंचांवर बोथट बोलेल. तिथे १४५ ची निमुळती तार ३९८८ पर्यंत नेते. ३५ इंची बेसवर तीच तार ४१०५ च्या बरोबरीने वागते, म्हणून या सुरात कायम वाजवणाऱ्यांनी आणखी एक संच विकत घेण्याआधी कोणाचा तरी ३५ इंची बेस तालमीपुरता मागून घ्यावा आणि त्यावर आपली सर्वांत वेगवान रिफ वाजवून पाहावी.